रंगरावांचा टर्बो आणि दामूअण्णांचा श्वास

एका जंगलात, बाळांनो, रस्ता नव्हता, पण रेसचा ट्रॅक होता. रस्ता कधी होणार असं कुणी विचारलं की सिंहमहाराज म्हणत, आधी वेग येऊ द्या, रस्ता मागून येईल. प्रजेला ते पटत असे. प्रजा गुणी होती.

त्या जंगलात रंगराव नावाचा चित्ता आणि दामूअण्णा नावाचा काळवीट राहत. दोघे जिवलग मित्र. चित्ता आणि काळवीट मित्र कसे, असं विचारू नका. गोष्ट मी सांगतोय. मित्राला खायचं नाही, एवढा एकच नियम रंगराव पाळायचे, आणि त्या एका नियमावर दामूअण्णांचा संसार चालला होता.

दोघांचेही पाय जंगलात सगळ्यात चपळ. पण पाय काय, कुणालाही असतात. म्हणून दोघांनी स्पोर्ट्स कार घेतल्या. रंगरावांची टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. तो आधी जरा विचार करतो, मग एकदम गाडी उधळतो. दामूअण्णांची बिनटर्बोची. जेवढा श्वास आपला, तेवढाच वेग आपला. पण आवाज असा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. शिंगं मावावीत म्हणून अण्णांनी छताला दोन भोकंही पाडून घेतली होती.

इथवर सगळं छान होतं. मग एका संध्याकाळी चहा पिता पिता रंगराव म्हणाले, की टर्बोपुढे बाकी सगळ्या बैलगाड्या. अण्णांना ते लागलं. दुसऱ्याने फुंकर मारल्याशिवाय जी पेटत नाही ती चूल, गाडी नव्हे, असं ते बोलून गेले. झालं. रंगराव अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

जंगलाला तेवढंच हवं होतं. दोन पक्ष पडले, टर्बोवाले आणि श्वासवाले. उंदीर, घुशी, सरडे, ज्यांच्याकडे साधी सायकल नव्हती, ते इंजिनावरून एकमेकांच्या उरावर बसू लागले. एका टर्बोवाल्या घुशीने तर श्वासवाल्या घुशीच्या घरची ठरलेली सोयरीक मोडली.

आणि रंगराव? ते वाटेत भेटले की आता अण्णांच्या तोंडाकडे न पाहता मांडीकडे पाहू लागले. हे अण्णांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या बायकोच्या, गोदावहिनींच्या, बरोबर आलं. बाई मनातून हादरली. मग तिनेच पुढाकार घेऊन मैत्रीपूर्ण शर्यत ठरवली. जो हरेल त्याने सगळ्यांसमोर 'चुकलो' म्हणायचं आणि भांडण तिथेच मिटवायचं. नवऱ्याला तिने बजावलं, खुशाल हरा, पण घरी या.

शर्यतीच्या दिवशी गाडी हलकी राहावी म्हणून दोघांनीही पेट्रोल चमचाभरच घातलं. गाड्या रेषेवर आल्या. इंजिनं सुरू झाली. पण आपल्याकडे, बाळांनो, पाहुण्यांच्या सत्काराशिवाय पान हलत नाही. आणि प्रमुख पाहुणे हत्तीसाहेब उशिरा आले. मग दीपप्रज्वलन. मग नारळ. मग शाल. हत्तीला शाल पुरेना, तेव्हा निवेदन करणाऱ्या साळुंकीने सतरंजी मागवली. मग भाषण. 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही,' असं हत्तीसाहेब म्हणाले, तेव्हा जाणत्यांनी डबे उघडले.

हा सगळा वेळ दोन्ही गाड्या रेषेवर गुरगुरत उभ्या. जो आधी इंजिन बंद करील त्याने माघार घेतली, असं दोन्ही पक्षांनी आधीच जाहीर केलं होतं. मग बंद करतो कोण.

शेवटी भाषण संपलं. ते संपलं या आनंदात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत रंगरावांची गाडी फुस्स करून बंद पडली. पाठोपाठ अण्णांच्या गाडीने एक उचकी दिली आणि तीही थंड झाली. हत्तीसाहेबांनी झेंडा खाली केला तेव्हा कुणीच हललं नाही. दोन्ही टाक्या कोरड्या ठणठणीत होत्या. आधी कुणाची बंद पडली, ते फक्त गाडीत बसलेल्या दोघांना ठाऊक होतं.

दोन्ही पक्ष निकालासाठी ओरडू लागले. ज्याची आधी बंद पडली तो हरला, असं साळुंकीने ठरवून टाकलं आणि माइक दोघांच्या मधे धरला.

रंगराव गाडीतून उतरले. वजन कमी व्हावं म्हणून ते आदल्या दिवसापासून उपाशी होते. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. नेमकं मांडीकडेच. गोदावहिनींनी डोळे गच्च मिटून घेतले.

आता अण्णांनाही रंगरावांचे दात दिसले. जिंकून ताटात जायचं की हरून घरी, एवढाच प्रश्न उरला होता.

"आधी माझी बंद पडली," अण्णा म्हणाले. "चुकलो, रंगराव."

टर्बोवाल्यांनी गुलाल उधळला. रंगरावांना खांद्यावर घ्यायला माकडं धावली. रंगराव मात्र जागचे हलेनात. अण्णा एकेक पाऊल मागे सरकत होते आणि ते त्यांना दिसत होतं. आपला मित्र आपल्याला भिऊन खोटं बोलला, हे कळलं आणि त्यांची भूकच मेली. फार वाईट वाटलं त्यांना.

त्यांनी माइक ओढून घेतला. "अण्णा खोटं बोलतायत. आधी माझी बंद पडली. चुकलो मी. अर्धा चहा ठेवून उठलो, तेही चुकलं."

लगेच श्वासवाल्यांनी उरलेला गुलाल उधळला.

दोघा मित्रांनी मिळून आधी एक गाडी ढकलत घरी नेली, मग दुसरी. रस्ता नव्हताच, त्यामुळे वेळ लागला आणि गप्पा भरपूर झाल्या. गोदावहिनींनी चहा टाकला. या खेपेला रंगरावांनी कप चाटूनपुसून खाली ठेवला.

घुशींची सोयरीक मात्र काही जुळली नाही. त्यांचा तत्त्वाचा प्रश्न होता.

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं. मात्र सुरुवात ज्याचे दात मोठे त्याने करावी. बाकीच्यांनी तोवर 'चुकलो' म्हणत राहावं.