तान्हूबाई सुईणीने कायदा करविला त्याची हकीकत

श्री. जी सर्व देहांत वसते आणि गेलियावरच आठवते, त्या आरोग्यदेवतेस नमन करून, आणि ज्यांचे देवडीवर ती अडली त्या सर्व द्वारपालांस दुरूनच नमन करून लेखनास आरंभ केला आहे. आपण आज्ञा केली की, बाळंतिणींचे कायद्याचे प्रकरण मुळापासून कैसे जाहले ते लेहून पाठवावे. त्यास, जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे लिहितो. गोड लिहावे ऐसे मनात होते, परंतु शाईच कडू निघाली, त्यास इलाज नाही.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. ते समयी राज्यात सुबत्ता थोर. राजधानीत वैद्यशाळा सात सात मजल्यांच्या, भिंतींस संगमरवर, आत शीतल वारा, आणि दारी देवडीवान ऐसे धिप्पाड की निरोगी मनुष्यासही धडकी भरावी. राज्याचे पूर्वेस घाटाखाली धोंडखिंड म्हणून गाव. तेथे सरकारी दवाखाना होता, त्यास कुलूप होते, आणि किल्ली ज्या वैद्याकडे त्याची बदली होऊन तीन वर्षे लोटली होती. मग त्या गावी आणि भोवतालचे सात गावी जी माणसे जन्मास येत ती तान्हूबाई घोगरे सुईण यांचे हाती येत. बाईंचे वय साठीचे पुढे, अंगाने काटकुळ्या, जिभेने तिखट, हाताने मऊ. त्यांची रीत ऐसी की, जवळ एक सुताची दोरी बाळगीत. मूल जन्मले आणि रडले की नाळ कापून, हात धुवून, आधी दोरीस गाठ मारीत आणि मग गूळ तोंडात घालीत. जे रडले नाही त्याची गाठ नाही. तेथे चार बोटे दोरी मोकळी सोडीत. चाळीस वर्षांत गाठी अकराशे बेचाळीस जाहल्या, आणि मोकळ्या जागा किती त्या बाई कोणास मोजू देत नसत.

आदले साली बाईंची सून सुंदरा हिचे पहिलेपण आले आणि मूल आडवे निघाले. बाईंनी पोटास हात लावून पाहिला आणि काढून घेतला. हे आपले हाताचे काम नव्हे, येथे पोट कापणाराच पाहिजे, हे त्यांस तत्काळ उमगले. मुलगा परमुलखी गवंडीकामास होता. मग बाईंनी एकटीनेच सुनेस भाड्याचे जीपगाडीत घालून राजधानी गाठली. पहिले वैद्यशाळेने अनामत मागितली, दुसरीने खाट नाही म्हटले, तिसरीचे वैद्य लग्नास गेले होते, आणि चौथी ती वैद्यराज विश्वंभर यांची, राज्यात सर्वांहून थोर, तिने कागद मागितले आणि कागद दाखविले तो अनामत मागितली. त्या चौथे पायरीवर मूल पोटातच निमाले. सून वाचली ती बाईंचे नशिबाने म्हणावी की देवडीवानाचे कंटाळ्याने, कारण रडारड ऐकून रोगी बिथरतात म्हणून त्याने अखेर आत घेतले. तेथून परत आलियावर बाईंनी दोरीस चार बोटे जागा सोडिली.

मग सुंदरेस पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना लागला तेव्हा बाईंनी पण केला की, हिचे दिवस भरण्याचे आत राज्यात कायदा व्हावा की, अडलेली बाळंतीण दारी आली तर वैद्यशाळेने आधी आत घ्यावी, मग काय पुसणे ते पुसावे. गावात म्हणच पडली की, आधी आत, मग बात. आणि बाई सात गावे फिरल्या, आपले हाती जन्मलेल्या सर्वांचे अंगठे आणि सह्या घेतल्या, त्यात शिपाई होते, मास्तर होते, दोन चोरही होते, आणि तो अर्जाचा गठ्ठा व ती दोरी घेऊन राजधानीस येऊन धर्मशाळेत उतरल्या.

आरोग्याचे कारभारी हैबतराव म्हणून होते. पुरुष मोठा मायाळू. दारी आलेल्यास कधी नाही म्हणत नसत, आणि म्हणून कोणाचे कधी कामही होत नसे. त्यांची चाल ऐसी की, गाऱ्हाणे घेऊन आला त्यास शाल आणि नारळ द्यावा, त्याचा हात हाती घेऊन चित्र काढवावे, आणि अर्ज रुमालात बांधोन फळीवर ठेवावा. बाईंस पहिले महिन्यात तीन शाली मिळाल्या. चौथी देऊ लागले तेव्हा बाईंनी शाल घडी करून त्यांचेच मांडीवर ठेविली आणि कायदा केव्हा ते पुसले. हैबतराव हसोन बोलिले, "बाई, कायदा म्हणजे काही बाळंतपण नव्हे, की आज कळा आल्या आणि उद्या मोकळे."

"व्हय जी," बाई बोलिल्या, "बाळंतपणाला नऊच म्हयने लागत्यात."

हे उत्तर बाहेर फुटले आणि राजधानीत बायका एकमेकींस सांगों लागल्या. तशात निवडणूक वर्षावर आली होती. मग हैबतरावांस एकाएकी कळवळा आला, आणि त्यांनी वैद्यमंडळाशी मसलत केली. वैद्यराज विश्वंभर हे मंडळाचे मुख्य. ते बोलिले की, दार आम्ही उघडू, आमची ना नाही. परंतु गावोगावच्या अडाणी सुइणी आधी केस बिघडवितात आणि मग आमचे पायरीवर आणून टाकितात, अपयश आमचे माथी. तरी सुईणीने बाळंतिणीस हात लावू नये, लाविल्यास कैद, हेही कलम त्यात घाला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातला प्रकार. दार त्यांनी लाविले होते आणि दोष हातांस आला.

बाईंस हे कळले तेव्हा त्या तीन दिवस धर्मशाळेचे ओसरीवर आपले हात मांडीवर ठेवून बसल्या. पोटाचा व्यवसाय जाईल याचे त्यांस वाटले नाही. तो कधी पोटापुरता नव्हताच. लुगडे आणि पायली धान्य, तेही ज्याचे घरी असेल त्याने द्यावे. परंतु ते हात आईने शिकविले होते आणि तिला तिचे आईने. मग त्यांनी विचार केला की, दारे उघडली तर माझे हातांची गरज काय? हात जावोत, सुनेचे पोर वाचो. ऐसे म्हणोन त्यांनी मान तुकविली. दफ्तराचे चिटणीस गंगाजीपंत म्हणून वृद्ध गृहस्थ होते, त्यांस राहवले नाही. ते बाईंस एकीकडे नेऊन बोलिले, "बाई, कलमे दोन आहेत. दोन्ही एकाच दिवशी जन्मतील ऐसे धरून चालू नका."

बाई हसल्या. म्हणाल्या, "पंत, जुळी हायती ती. एका पोटची. येक भाईर आलं का दुसरं मागनं येतंच, त्याला कोन अडीवतंय?"

गंगाजीपंत चाळीस वर्षे कायदे नकलीत होते, बाई चाळीस वर्षे पोरे सोडवीत होत्या. पंतांनी पुढे वाद घातला नाही, आणि तेथेच चुकले. आज म्हणतात की, तेव्हा पाय धरून सांगावयास पाहिजे होते. परंतु सरकारी मनुष्य पाय धरतो तो वरच्याचा.

मग सुंदरेस सातवा महिना असता दरबार भरला आणि कायदा एकमताने पास जाहला. बाके वाजली, पेढे वाटले, हैबतरावांनी डोळे पुसले, आणि विश्वंभरांनी बाईंस माता म्हणोन वाकून नमस्कार केला. बाईंनी तेथे दोरी उलगडून दाखविली, तो सभेचे एके भिंतीपासून दुसरे भिंतीपर्यंत पोचली आणि तरी उरली. सर्वांनी शाबास म्हटले. हैबतराव बोलिले की, ही दोरी राज्याचा ठेवा, दफ्तरी जतन व्हावी. बाईंचे मनात द्यावयाची नव्हती, परंतु एवढे मोठे लोक मागतात म्हणोन दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसरेच दिवशी पहिले कलम, सुइणींचे, लागू जाहले. गावोगाव दवंडी फिरली की, सुईणीने हात लावल्यास कैद. दार उघडण्याचे दुसरे कलमाचे शेवटी मात्र बारीक अक्षरात एक ओळ होती की, हे कलम नियम झालियावर लागू होईल. आणि नियम समितीने करावे, समिती सरकारने नेमावी, आणि केव्हा नेमावी ते लिहिणे राहून गेले होते. ती ओळ दरबारात कोणी वाचिली नाही आणि गावात कोणास वाचता आली नाही.

बाई गावी येऊन स्वस्थ बसल्या. बायका येत, म्हणत की, मावशी, नुसता हात लावून बघा. बाई हात पदराखाली घेत आणि सांगत की, शहराला जावा, आता दारं उघडली. आषाढात वरचे आळीची बायजा शहरास निघाली आणि घाटाचे वळणावरच बाळंत जाहली. मूल रडले नाही. बाईंनी रस्त्यास शिव्या दिल्या, जीपवाल्यास शिव्या दिल्या, कायद्यास दिल्या नाहीत. रात्री चार बोटे जागा सोडावयास दोरी शोधों लागल्या, तो आठवले की दोरी दफ्तरी आहे.

श्रावणात सुंदरेस कळा लागल्या. या खेपेस मूल पायाळू, पाय खाली. आडव्याहून बरे, परंतु धोक्याचे. बाईंनी कायद्याची नक्कल कनवटीस लाविली, सुनेस जीपगाडीत घातले आणि मुद्दाम विश्वंभरांचेच वैद्यशाळेस आल्या, कारण त्यांनी माता म्हटले होते. देवडीवान तोच. त्याने अनामत मागितली. बाईंनी नक्कल काढून दिली. तो शिकलेला होता, त्याने वाचिली, बोट ठेवून खालची ओळ दाखविली आणि म्हणाला, "आजी, हे अजून लागू नाही. पहिलं आहे. दुसरं नाही." मनुष्य वाईट नव्हता. त्याने बसावयास आपली खुर्ची दिली आणि आत विचारूनही आला. आतून तेच उत्तर आले.

सुंदरा पायरीवर पडली होती, ती तीच चौथी पायरी. बाळाचे पाय बाहेर आले होते आणि अंग पुढे सरकेना. तिने सासूकडे पाहिले आणि बोलिली, "आत्या, तुमी हायसा की."

मग बाईंनी नक्कल खाली टाकिली, बांगड्या वर सारल्या आणि हात लाविला. दोन महिने हात बांधले होते तरी विसरले नव्हते. लुगड्याचा आडोसा जीपवाल्याने धरिला, पाणी देवडीवानाने आणिले, आणि तासाभरात मूल बाहेर आले, मुलगी, निळी पडली होती, बाईंनी पाठ चोळली, उलटी धरिली, तोंडात फुंकर घातली, आणि ती रडली. सातही मजल्यांचे खिडक्यांतून लोक पाहात होते. बाईंचा हात सवयीने कनवटीस दोरीकडे गेला आणि रिकामाच परत आला.

सांजेचे आत वैद्यशाळेने फिर्याद दिली की, पायरी घाण केली आणि कायदा मोडिला. बाईंस धरून नेले. न्यायाधीशांनी पुसले की, हे कृत्य पहिलेच की सवयीचे? तेव्हा दफ्तरातून पुरावा आला, तो बाईंची दोरी. एक कारकून दोन दिवस गाठी मोजीत बसला आणि अकराशे बेचाळीस अपराध भरले. पैकी पाच अपराध स्वतः शिपायाचे वेषात पहाऱ्यास उभे होते, त्यांनी माना खाली घातल्या. गंगाजीपंतांनी उभे राहून अर्ज केला की, त्या गाठी कायद्याचे आधीच्या. न्यायाधीश बोलिले की, शेवटची आधीची नव्हे. बाईंस काय म्हणणे ते पुसले. त्या बोलिल्या, "शेवटची गाठ मारायची ऱ्हायलीय. दोरी घडीभर द्या."

न्यायाधीशांनी चिटणिसांकडे पाहिले, चिटणिसांनी जमिनीकडे. मग हुकूम जाहला की, पुराव्यात फेरफार करता येत नाही. शिक्षा सहा महिने.

त्या कायद्याखाली त्या साली राज्यात शिक्षा एकच जाहली. वार्षिक अहवालात हैबतरावांनी लिहिले की, कायद्याची अंमलबजावणी सुरू आहे, आणि तेही खोटे नाही. विश्वंभरांनी पायरी नवी बसविली. दुसरे कलमाची समिती अद्याप नेमावयाची आहे. धोंडखिंडीत पोटुशा बायका आहेत, दवाखान्यास कुलूप आहे, आणि सुईण नाही. सुंदरा आणि तिची मुलगी जिवंत आहेत, एवढे एक लिहिताना हात हलका होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी हे राज्यात नवे नाही, परंतु संन्याशाने सुळी आपणच अर्ज करून घडवून आणावी, हे याच संवत्सरी पाहिले.

येणेप्रमाणे हकीकत. एकच राहिले ते लिहून लेखणी ठेवितो. तान्हूबाईंस घेऊन शिपाई तुरुंगाचे देवडीवर गेले, तेव्हा अवेळ जाहली होती, पाऊस होता, आणि कागद अजून यावयाचे होते. बाई सवयीने पायरीवर बसों लागल्या. तो पहारेकऱ्याने दार सताड उघडिले आणि म्हणाला, "अहो बाई, भिजता कशाला, आत या आधी. नाव-गाव मग सांगा."