सांताचे जोडे

'जगमग होम मार्ट'मध्ये पोटं दोनच होती. एक मालकाचं, म्हणजे घनश्यामशेठचं, आणि दुसरं मंगेशचं. बाकीचे चौघे पट्ट्याला नवीन भोकं पाडून पँट सांभाळणारे. त्यामुळे नाताळाच्या आदल्या दिवशी सांताक्लॉज कोणी व्हायचं, हा प्रश्न तुमसरच्या त्या दुकानात फारसा निघालाच नाही. मालक आपलं पोट गल्ल्यामागून हलवणार नव्हते. उरलं मंगेशचं.

नाताळाशी शेठचा संबंध एवढाच की, दिवाळीचा सेल संपलेला असतो आणि संक्रांतीचा लांब असतो. मधल्या दिवसांत दुकान ओस पडू नये म्हणून देवानं हा सण ठेवला आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दारात त्यांनी हवा भरलेला सांता उभा केला होता आणि त्याच्या डोक्यावर पाटी लावली होती, 'खरेदी हाच आनंद'. पण यंदा खेड्यातले लोक धानाच्या चुरणीत, म्हणजे मळणीत, असे गुंतले होते की बाजाराला कोणी फिरकेना. मग शेठनं डोकं लढवलं. लोक सांताकडे येत नाहीत तर सांतानं लोकांकडे जायचं. पोतंभर कुपनं वाटायची. दोन हजारांच्या खरेदीवर दहा टक्के सूट, आणि वर सांताचा हसरा फोटो.

"हे पोतं भरलेलं ने आन रिकामं करून आन," शेठनी बजावलं. "भरलेलं वापस आलं तं तू वापस येऊ नको. जागा खाली समज."

मंगेशची काही हरकत नव्हती. फ्रीज उचलण्यापेक्षा दाढी लावणं बरं. पण मग त्यानं गावाचं नाव विचारलं. गाव होतं करडी.

"दुसरं गाव नाही का शेठ?"

"काहून? करडीनं काय केलं तुले?"

आता काय सांगणार! करडीनं मंगेशला बायको दिली होती. तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या बैठकीत त्याच्या मामानं सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं होतं, पोरगा मोठ्या दुकानात मॅनेजर आहे. त्या वेळी मंगेशच्या तोंडात पोह्यांचा भलामोठा घास होता. तो गिळून, पाणी पिऊन, "मॅनेजर नाही हो" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोवर कपाळाला कुंकू लागलेलं होतं. खरं म्हणजे त्याचं काम फ्रीज टेम्पोत चढवायचं आणि गिऱ्हाइकासमोर मिक्सरमध्ये चटणी वाटून दाखवायचं. तेव्हापासून बिचारा सासुरवाडीला दोनदाच गेला होता, आणि दोन्ही वेळा जेवून हात वाळायच्या आत पळाला होता. न जाणो, कोणी म्हणालं, मॅनेजरसाहेब, जरा फ्रीज स्वस्तात लावा, तर? यंदा तर दिवाळीलाही कामाचं निमित्त सांगून तो टळला होता. रंजू, त्याची बायको, यावर काही बोलायची नाही. नुसती बघायची, आणि ते जास्त वाईट.

शेवटी त्यानं मनाची समजूत घातली. दाढी आहे ना! दाढीतून कोण ओळखतं?

कपडे शेठनी एका नाटकाच्या ड्रेपरीवाल्याकडून मागवले होते. आपल्या भागात दिवाळी ते होळी गावोगाव नाटकं चालतात, त्यामुळे राजापासून राक्षसापर्यंत सगळे कपडे भाड्यानं मिळतात. सांताक्लॉज मात्र अजून कोणत्या नाटकात आलेला नव्हता. ड्रेपरीवाल्यानं आपल्या अकलेनं यमाचा लाल झगा, ऋषीची बेंबीपर्यंत पोचणारी पांढरी दाढी आणि पायात घालायला लाकडी खडावा पाठवल्या. खडावा घालून मंगेश तीन पावलं चालला आणि वॉशिंग मशीनवर पडला. शेठ म्हणाले, घरून जोडे आण, चकाकणारे पाहिजेत. मंगेशकडे चकाकणारे जोडे एकच होते, लग्नातले, सोनेरी बकलाचे. रंजूनं ते पेटीतून काढून दिले. आमच्या गावाला जाताना चपला आणि शेठसाठी जोडे, एवढंच ती म्हणाली. कोणत्या गावाला चाललो हे मंगेशनं तिला सांगितलं नव्हतं.

गाडी यादोरावची होती. यादोराव म्हणजे साठीला टेकलेला ड्रायव्हर. एरवी त्याच्या पिकअपवर भोंगा बांधून नाटकांची जाहिरात चालायची आणि ती तो स्वतःच करायचा. तीस वर्षांची सवय. करडीच्या शिवेवर पोचताच त्यानं माईक तोंडाशी धरला आणि शेठनं लिहून दिलेला कागद बाजूला ठेवून सुरू झाला, "माता-भगिनींनो आन बंधूंनो, आपल्या गावात आले आहेत, आले आहेत, आले आहेत..." पुढे सांता म्हणायचं होतं, पण तीस वर्षांत तिथं असा शब्द कधी आला नव्हता. यादोराव अडखळला आणि म्हणाला, "सांता महाराज!"

झालं. एका शब्दानं सगळा घोटाळा केला.

गावात घरोघर खळी भरलेली होती. धानाच्या राशी पडल्या होत्या. अशा दिवसांत कोणी बहुरूपी, कोणी जोगी, कोणी फकीर येतोच, आणि चुरणी चालू असताना दारी आलेल्या माणसाला रिकाम्या झोळीनं पाठवायचं नाही, ही तिकडची रीत. लाल झगा, एवढी मोठी दाढी, खांद्यावर पोतं आणि नाव सांता महाराज. आणखी काय पुरावा पाहिजे? पहिल्याच घरातून एक बाई सूपभर धान घेऊन बाहेर आली. मंगेशनं पोत्याचं तोंड उघडून कुपन काढलं, तर तिनं तेवढ्यात सूप पोत्यात उपडं केलं, कुपन कपाळाला लावलं आणि वाकून नमस्कार केला.

"बाई, हे दहा टक्के..." मंगेश सांगू लागला.

"दहा काय, सौ टक्के पावन होईन महाराज," ती म्हणाली आणि कुपन नेऊन धानाच्या राशीवर खोचलं. वर हळद-कुंकू वाहिलं.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी पायलीभर धान आणि वर एक वांगं. एक कुपन बाहेर निघायचं आणि सूपभर धान आत पडायचं. तासाभरात प्रत्येक राशीवर सांता हसत उभा होता आणि पोतं पाठीवरून खाली उतरायला तयार नव्हतं. मंगेशनं दोन-तीन जणांना समजावून पाहिलं की, बाबा, हा देणारा आहे, घेणारा नव्हे. त्यावर एक म्हातारा म्हणाला, देणाऱ्यालाच तर द्यावं लागते. मंगेशनं पोत्याचं तोंड उघडलं.

शेठचं जाऊ द्या. मंगेशला आता एकच घोर होता. सासऱ्यांच्या, म्हणजे बुधरामजींच्या गल्लीत जायचं नाही. यादोरावला त्यानं तसं दहा वेळा सांगितलं. यादोरावनं गाडी मोठ्या रस्त्याकडे वळवली, आणि समोरून तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, लादलेला ट्रॅक्टर आला. मागे सरकावं तर बायांची रांग. मग यादोरावनं मिळेल त्या गल्लीत गाडी घातली. मिळाली ती बुधरामजींची. तीही अर्ध्यात बंद, कारण बुधरामजींच्याच दारात त्यांचं तणस उतरवणं चाललं होतं. अगदी तिथं, तुळशीसमोर, गाडी थांबली.

"आता मले बोलाले लावू नका," मंगेश यादोरावच्या कानात पुटपुटला. "माझा आवाज वळखतीन."

यादोराव माणूस हुशार. त्यानं माईक तोंडाशी नेला आणि सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, "सांता महाराजांचं आज मौन आहे."

घरातून सासूबाई बाहेर आल्या. ललिताबाई. मागून धाकटी शुभांगी, मंगेशची मेहुणी. मंगेशनं दाढी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली. सासूबाईंच्या हातात सूप नव्हतं, पाण्याचा लोटा होता.

"थकले असान महाराज. उतरा. पाय धुवा, जेवून जा," त्या म्हणाल्या. "चुरणीच्या दिवसात कोनी उपाशी जात नाही आमच्या दारातून."

नाही म्हणायला तोंड उघडता येत नव्हतं. मान हलवली तर दाढी सुटली असती. मंगेश मुकाट्यानं उतरला. दारात जोडे काढले, शुभांगीनं पायांवर पाणी घातलं, आणि तो ओसरीवर पाटावर बसला. समोर ताट आलं. भात आणि तलावातल्या ताज्या मासोळीचा पिवळाजर्द रस्सा. आता बेंबीपर्यंतच्या दाढीतून रस्सा कसा खायचा, हे त्या ऋषीलाच माहीत. पहिल्या घासाला दाढी पिवळी झाली, तिसऱ्याला काटा तिच्यात अडकला. शुभांगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे का हलत होते, याचा विचार करायला मंगेशला सवड नव्हती.

सासूबाई समोर बसून वाढत राहिल्या आणि बोलत राहिल्या. मौनी माणूस मिळाला की बोलणाऱ्याला जोर चढतोच.

"आमचे जवाई बी असेच," त्या म्हणाल्या. "तुमसरले मॅनेजर आहेत. आले का बोलत नाही, जेवले का पळते. आमचं काय चुकलं असन महाराज? दिवाळीले वाट पायली. अनारसे करून ठेवले होते. शेवटी शेजारच्यायनं खाल्ले."

अनारसे मंगेशला किती आवडतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या क्षणी त्याला वाटलं, काढावी ही दाढी आणि सांगून टाकावं. पण गल्लीत पन्नास बाया उभ्या होत्या, गाडीवर भोंगा होता, आणि अंगावर यमाचा झगा होता. या वेषात सासूला खरं सांगायचं म्हणजे तिची गावात काय शोभा राहील? त्यानं खाली मान घालून भात संपवला. ताटात शीतसुद्धा ठेवलं नाही.

हात धुऊन बाहेर आला, तर दारात जोडे नव्हते.

"कुत्र्यानं नेले असन बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. शुभांगीनं तोंडावर पदर धरला होता. ती गाडीजवळून आली होती आणि धानाच्या पोत्याचं तोंड तिनं सुतळीनं घट्ट बांधून दिलं होतं. मंगेशनं हात जोडले आणि अनवाणी गाडीत चढला. जोडे गेले तर गेले. कोणी ओळखलं नाही, हे काय कमी झालं?

तुमसरला पोचेपर्यंत तो याच आनंदात होता. शेठ दारातच उभे होते. अनवाणी सांता, पिवळी दाढी, आणि मागून यादोराव आणि दोन पोरं मिळून उचलून आणताहेत ते टचटचीत भरलेलं पोतं. शेठचा चेहरा सांताला पाहून उजळला आणि पोतं पाहून पडला, त्यात सुतळीच्या गाठीतून वांग्याचं देठ डोकावत होतं.

"मीनं काय सांगतलं होतं बे? रिकामं आन म्हनलं न?"

"कुपनं सगळी गेली शेठ. हे त्यायनं दिलं."

शेठनी सुतळी कापली. धानाच्या वरच एक नवा दुपट्टा होता, त्यावर टोपी, नारळ, आणि शेजारी तेल लावून पुसलेले सोनेरी बकलाचे जोडे. शेठही याच मुलखातले. त्यांनी दुपट्टा हातात घेतला, टोपी पाहिली, मग मंगेशकडे पाहिलं.

"टोपी-दुपट्टा तं जवायाले देते बे."

मंगेशनं जोडे हातात घेतले. त्याला लग्नाचा मांडव आठवला. हेच जोडे काखेत धरून शुभांगी तासभर फिरली होती आणि द्यायला तयार नव्हती. भर गर्दीत एकेक टाका तपासून तिनं त्यांची चेष्टा केली होती. जगात हे जोडे त्याच्यापेक्षा जास्त कोणी ओळखत असेल तर ती. आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला.

"पोचले का जवाईबापू?" सासूबाई विचारत होत्या. "जोडे भेटले?"

मंगेशला पुन्हा मौन लागलं.

"रंजूनं लग्नाच्या पयल्याच महिन्यात सांगतलं होतं आमाले, तुमी फ्रीज उचलता म्हनून. तुमचे सासरे जनमभर धानाचं पोतं उचलून राहिले. मीनं कधी लपवलं का थे?" त्या क्षणभर थांबल्या. "उद्या दोघंही या. आन दाढी काढून या बाप्पा. रस्सा सगळा तिनंच पेला."

फोन ठेवल्यावर मंगेशनं बाहीनं डोळे पुसले. बाही यमाची होती. मग त्यानं दाढी सोडली आणि काउंटरवर ठेवली.

"शेठ, उद्या सुट्टी पाहिजे."

"उद्या? उद्या नाताळ आहे बे."

"म्हनूनच पाहिजे."

"जागा खाली होईन तुही."

"होऊ द्या. पन सांताची बी होईन."

शेठनी त्या चार बारीक नोकरांकडे एकेक करून पाहिलं. मग हळूहळू त्यांची नजर खाली स्वतःच्या शर्टाच्या बटणांवर आली, आणि तिथंच थांबली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते यादोरावनं फोनवर सांगितलं. हवा भरलेल्या सांताशेजारी खुर्ची टाकून शेठ लाल झग्यात बसले होते, आणि दाढीला मासोळीचा वास येत होता. खेड्यातून बाजाराला आलेली एक बाई थांबली, पदराची गाठ सोडून तिनं मूठभर तांदूळ त्यांच्या मांडीवर टाकले, नमस्कार केला आणि दुकानात न शिरता पुढे गेली. शेठ 'दहा टक्के' म्हणायला तोंड उघडतच होते, ते उघडंच राहिलं. दुसरी बाई आली तेव्हा त्यांनी कोणी सांगायच्या आधी झग्याचा ओचा पुढे केला. दुपारपर्यंत ओचा भरला. मग शेठनी काय करावं? हमालांना बोलावून दुकानासमोर तीन दगडांची चूल मांडायला आणि त्या तांदळाचा सगळ्यांसाठी भात लावायला सांगितलं. 'खरेदी हाच आनंद'ची पाटी वाऱ्यानं चुलीवर यायला लागली, म्हणून ती त्यांनी स्वतः उठून काढली.

हे ऐकताना मंगेश करडीच्या ओसरीवर पाटावर बसून दुसऱ्यांदा रस्सा घेत होता. सकाळपासून त्यानं सासऱ्यांबरोबर सव्वीस पोती उचलून घरात लावली होती. गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं, आणि कोणी कोणाला मॅनेजर म्हटलं नव्हतं. जेवण झालं, तो हात धुऊन बाहेर आला, आणि पाहतो तर दारात जोडे नव्हते. शुभांगी तुळशीजवळ उभी राहून आभाळाकडे पाहत होती.

मंगेशनं या वेळी ते शोधले नाहीत. तो परत आत गेला आणि सासूबाईंना म्हणाला, अनारसे असतील तर आणा.