एकमताने घेतलेला घोट

वर्धापनदिनाच्या पाहुण्यांसाठी अतिथी-सत्कार विभागाला बर्बन व्हिस्की निवडायची होती. ती स्वस्त असावी आणि जुनीही असावी, असा वरून आदेश होता. म्हणजे किंमत पाहून हिशेबतपासनिसाची भुवई वर जाऊ नये आणि वय ऐकून पाहुण्याची मात्र जावी. अशी एक बाटली सापडली. लाकडी पिंपात आठ वर्षे मुरलेली, आणि भाव इतका कमी, की विभागप्रमुख साहेबांना तिच्या चारित्र्याबद्दल शंका आली. म्हणून आस्वाद समिती नेमण्यात आली.

साहेब अध्यक्ष, उपप्रमुख मॅडम आणि लेखापाल सदस्य. चौथा सदस्य भांडारातला, कारण पेले त्याच्या ताब्यात होते. या गृहस्थाला सगळे ‘तात्पुरते’ म्हणत. नव्या माणसांना ते त्याचे आडनावच वाटे. नोकरीत तो त्या बर्बनपेक्षा वर्षभर अधिक मुरला होता. फक्त त्याला पिंपाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला नव्हता. कायम नोकरी नसलेल्याला कोणी घर भाड्याने देईना, म्हणून तो बायकोसह मेहुण्याच्या घरातल्या मागच्या खोलीत राहत असे. मेहुण्याची बायको त्यांना अजून ‘पाहुणे’ म्हणे. पण त्या शब्दातला ओलावा दरवर्षी थोडा आटत होता. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव साहेबांच्या सहीसाठी थांबला होता, आणि साहेब समितीच्या कामासाठी.

समितीत हुद्द्याच्या क्रमाने बोलायचे असते. वरिष्ठांशी मतभेद म्हणजे शिस्तभंग आणि वरिष्ठांचीच री ओढणे म्हणजे स्वतंत्र मताचा अभाव. दोन्ही टाळून जे उरेल ते कनिष्ठाचे मत.

बैठकीच्या खोलीत साहेबांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, “व्हॅनिला.”

“आणि मागाहून करपवलेली साखर,” मॅडम म्हणाल्या.

लेखापालांना सर्दी झाली होती. तरीही कर्तव्यबुद्धीने त्यांनी दीर्घ श्वास घेतला. “लाकूड. ओलं नाही, कोरडं.”

तात्पुरत्यांनी हुंगले, घोट घेतला, पुन्हा हुंगले. माहीत असलेले सगळे चांगले वास वाटून संपले होते.

“साहेब, मला दारूचा वास येतोय.”

“कसला?”

“दारूचा.”

मॅडमनी आपला पेला पुरावा ठेवावा तसा हळूच टेबलावर ठेवला. “लेखापाल, कार्यालयात मद्यपानाला मनाई आहे ना?”

“सक्त.”

“म्हणजे आपण इतका वेळ...”

“आपण नाही, मॅडम,” साहेब शांतपणे म्हणाले. “मी व्हॅनिला घेतला, तुम्ही साखर घेतलीत, यांनी लाकूड. दारू एकट्या तात्पुरत्यांनी घेतली.”

“पण साहेब, बाटली तर एकच होती.”

“तुम्हाला आज फारच मतं सुचतायत.”

प्रकरण गंभीर असल्याने कार्यालयाच्या डॉक्टरांना बोलावण्यात आले. त्यांच्या कराराचे नूतनीकरण याच महिन्यात होते. त्यांनी चौघांची तोंडे हुंगली आणि निदान केले, की पहिल्या तीन तोंडांना अनुक्रमे व्हॅनिला, साखर व लाकूड यांचा वास असून मद्यप्राशनाची लक्षणे फक्त चौथ्यात आहेत. साहेब मात्र मनाने उदार होते. त्यांनी तात्पुरत्यांना उद्या पुन्हा एक घोट घेण्याची संधी दिली. उद्याही दारूच लागली, तर कायम करण्याचा प्रस्ताव परत जाणार होता.

संध्याकाळी मागच्या खोलीत बायकोने सगळे ऐकून घेतले.

“अहो, मध म्हणाला असतात तर काय जीभ झडली असती?”

“मधाचा वास नव्हता गं.”

“वहिनीच्या आमटीला रोज ‘वा’ म्हणता, तेव्हा ती चवीला असते का?”

“हळू बोल. भिंत पातळ आहे.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली. “जाड भिंतीचं घर हवंय मला.”

दुसऱ्या दिवशी समितीसमोर तात्पुरत्यांनी घोट तोंडात बराच वेळ घोळवला. डोळ्यांत पाणी आले. ते भावनेचे मानण्यात आले.

“काल माझ्या नाकाची चूक झाली, साहेब. कातडी खुर्चीचा वास आहे. जुन्या, वरिष्ठांच्या. आणि अगदी शेवटी, किंचित मध.”

साहेबांनी पुन्हा हुंगले. “कातडी खुर्ची. खरंच आहे की.”

त्याच दुपारी सही झाली.

बर्बनमध्ये दारू नाही, हे आता एकमताने सिद्ध झाले होते. त्यामुळे वर्धापनदिनी ती पाहुण्यांबरोबर त्यांच्या गाड्यांच्या चालकांनाही देण्यात भेदभाव करण्याचे कारण उरले नाही. निघताना तीन गाड्या फाटकाच्या खांबावर एकामागून एक आदळल्या. एका चालकाचा पाय मोडला. चौकशीत डॉक्टरांनी त्याच्या तोंडाला व्हॅनिलाचा वास असल्याचे सांगितले आणि खांब चुकीच्या जागी उभा असल्याचा निष्कर्ष निघाला. साक्षीदार म्हणून भांडारपालांना, म्हणजे पूर्वीच्या तात्पुरत्यांना, बोलावले होते. खांब आपल्यालाही पहिल्यापासून जरा पुढेच वाटत असे, असे ते म्हणाले आणि जाड भिंतींच्या घरी जेवायला गेले.

वाचकाला या गृहस्थाची चीड आली असेल, तर ती रास्तच आहे. त्या चौथ्या खुर्चीवर आपण असतो, तर पहिल्या दिवशी खरे बोललो असतो आणि दुसऱ्या दिवशीही खरेच बोललो असतो, याबाबत आजवर सर्व वाचकांचे एकमत झालेले आहे.