आना सेईनी आत्याचा सिनेमा

"आज माझं भूत असं बोलेल की लोक खुर्च्या मोडून पळतील!" लिसिआते छाती फुगवून म्हणाला.

हॉलचा मालक हावेआ हसला नाही. "पळू देत बाबा, पण आधी येऊ देत. गावात दोन घरी व्हिडिओ आलाय. आजचा खेळ पडला तर सोमवारपासून इथे सुकं खोबरं भरणार मी."

सिनेमा म्हणजे लिसिआतेचा जीव! पडद्याशेजारी उभा राहून इंग्रजी सिनेमातलं सगळं तो माइकवर टोंगनमध्ये, म्हणजे टोंगा बेटांवरच्या आपल्या भाषेत, बोलायचा. नायक, नायिका, पोलीस, कुत्रासुद्धा! इंग्रजी त्याला यथातथाच यायचं, पण त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. या नादापायी त्याचं लग्न राहिलं, रताळ्याच्या शेतात गवत माजलं, तरी माइक काही सुटला नाही.

शनिवारी दुपारी खिडक्या लावून खेळ सुरू झाला. हॉल बऱ्यापैकी भरला होता. जिन्यावर पांढऱ्या कपड्यातली मेलेली बाई अवतरली, तिचे ओठ हलू लागले, आणि लिसिआतेने तिला आवाज दिला तो थेट आना सेईनी आत्याचा!

आत्याला जाऊन दोनच महिने झाले होते. तिच्या सुतकाची म्हणून रीतीप्रमाणे गुंडाळलेली फाटकी चटई अजून त्याच्या कमरेला होती. बापाची बहीण ती, टोंगात घरातला सगळ्यांत मोठा मान तिचा! तिने शब्द टाकला की खुद्द बापाची मात्रा चालत नसे, आणि अर्धं गाव तिच्या भावांचीच पोरं.

"अंधारात काय बसलात रे? उठा! घरी जा!"

कुणी किंचाळलं नाही. कुणी पळालंही नाही. सगळा हॉल मुकाट्याने उठला आणि कमरेत वाकून, पाठ न दाखवता, मागच्या मागे दाराबाहेर गेला. पडद्यावरची बाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली.

"बोलाव त्यांना!" हावेआ ओरडला. "माझं खोबरं करतोस की काय?"

लिसिआते बाहेर धावला. "अरे, मीच बोलत होतो!"

"ते ठाऊक आहे," त्याचा धिप्पाड चुलतभाऊ पेनी हलक्या आवाजात म्हणाला. "पण जा म्हणाली आत्या. आता ये म्हणायचं तर तिनेच म्हणायला हवं."

काय करतो बिचारा! पुन्हा माइक धरला. "या. बसा."

सगळे आले, पण खुर्चीवर एकही बसला नाही. माणसं जमिनीवर मांडी घालून बसली आणि पुढची मधली खुर्ची सगळ्यांनी मोकळी सोडली. पडद्याकडे कुणी बघेना, सगळ्यांचे डोळे त्या खुर्चीवर! लिसिआतेने नायकाचा आवाज काढला तर पेनी गुरगुरला, "गप रे! आत्या बोलतेय ना?" मग काय, नायक आत्याच्या आवाजात प्रेम करू लागला, पोलीस आत्याच्या आवाजात दम देऊ लागला, कुत्राही तिच्याच आवाजात भुंकला. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात जनरेटर खोकला आणि बंद पडला. चित्र गेलं, माइक गेला, मिट्ट काळोख झाला.

"लिसिआते, खाली बस."

तो खाली बसला. बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की त्याचं तोंड तर बंद होतं!

"वा! शेवटी तर कमालच केलीस!" दिवे आल्यावर पेनीने त्याची पाठ थोपटली. "शेवटचं मी नाही बोललो!" लिसिआते म्हणाला, तशी सगळ्यांनी त्या मोकळ्या खुर्चीकडे बघितलं.

हॉल वाचला. पुढच्या शनिवारी आजूबाजूच्या गावांतून बोटी भरभरून माणसं आली. हावेआने खुशीत लिसिआतेच्या हातातला माइक काढून घेतला आणि त्या मोकळ्या खुर्चीपुढे नीट उभा केला.

"अरे, आणि मी?"

"तू बस की खाली! तुला सिनेमाची एवढी आवड!"

लिसिआते बसला. आणि खरं सांगायचं तर, इतका चांगला सिनेमा त्याने जन्मात ऐकला नव्हता.