गुलाबभाऊ टेलर आणि कूलरमधले बेडूक

गुलाबभाऊ टेलर कोणाचंही वर्णन शिवणकामात करतात. गल्लीतले फार बोलणारे वकील त्यांच्या लेखी ‘वरून कोट, आत अस्तर नाही’. बारशाला गेले की पाळण्यात वाकून निकाल देतात, ‘‘कापड आईचं, कटिंग बापाची.’’ गळ्यात टेप कायम असतो, जेवतानाही.

कारंजा गावात त्यांचं दुकान आमच्या घराला लागून आहे, आणि दुकानामागच्या खोलीत ते राहतात. यंदा पावसाळा लागल्यावर आम्ही लोखंडी कूलर खिडकीतून काढून अंगणात ठेवला. वाळ्याच्या जाळ्या काढलेल्या होत्या, त्यामुळे टाकीत पाणी साचलं. काही दिवसांनी त्यात काळे ठिपके पोहताना दिसले. मला मासे वाटले. गुलाबभाऊंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

‘‘मासे कायचे? बेंडकं हायेत. हे काळे, घोळक्यानं फिरून राह्यले न, ते खरबऱ्या पाठीचे निंगतीन. अन् हा भुरा, एकटा, दांडगा, हा मोठ्या आवाजाचा. याले वेगळा काढा, नाही तं बाकीच्यायले खाऊन टाकन.’’

भुऱ्याची रवानगी दुकानातल्या बादलीत झाली. गुलाबभाऊ रोज पालक उकडून आणू लागले. मागचे पाय फुटले त्या दिवशी त्यांनी कुंपणावरूनच बातमी दिली, ‘‘पँट झाली! आता बाह्या!’’

अडचण माझ्या पत्नीची होती, आणि ती रास्त होती. मागच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला होता. मी तिच्यासोबत अकोल्याच्या दवाखान्यात असताना गुलाबभाऊ दुकान बंद करून माझ्या वडिलांच्या सोबतीला राहिले. वडिलांना कमी दिसतं. त्यांच्याशी गुलाबभाऊ रोज पत्ते खेळले आणि रोज हरले. अशा माणसाला टाकी उपसतो म्हणून सांगायला माझी जीभ रेटेना. पत्नीची रेटली.

‘‘भाऊ, मंगळवारी आरोग्य केंद्राची आशाताई टाक्या पाहाले येऊन राह्यली. त्याच्या आधी मी हे पानी फेकून देतो.’’

‘‘फेकू नका वयनी. बाह्या बाकी हायेत. अर्ध्या शिलाईत मरतीन ते.’’

‘‘मंग नाल्यात नेऊन सोडा.’’

‘‘नाल्यात बगळे बसले हायेत. ताट वाढल्यावानी होईन.’’

‘‘अन् मले अजून डेंगू झाला तं?’’

गुलाबभाऊंनी गळ्यातला टेप काढला, टाकीची लांबी, रुंदी, घेर मोजला, आणि सवयीनं टाकीलाच म्हणाले, ‘‘श्वास सोडा.’’

डासांच्या अळ्या त्यांनी आमच्या चहाच्या गाळणीनं काढल्या. ती गाळणी पुन्हा चहाला वापरली गेली नाही. दुसऱ्या सकाळी टाकीवर मच्छरदाणीच्या जाळीचं कव्हर होतं. काठाला इलास्टिक, कोपऱ्यात चेन, वरून निळी पायपिंग. मंगळवारी आशाताईंनी चेन उघडून टॉर्च मारला. एकही अळी नव्हती.

‘‘काका, असं कव्हर तं माह्या घरी बी पाह्यजे,’’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पालक पत्नीनं उकडला.

बाह्या आल्या, आधी डावी, मग उजवी. गुलाबभाऊंनी टाकीत तिरपी वीट ठेवली. ‘‘आता यायले पान्यात श्वास जमत नाही. चढाले जागा नसली तं बुडतीन. अन् पालक बंद. शेपटी जिरेपर्यंत हे काही खात नाहीत.’’ पत्नीनं पालक परत नेला आणि आम्हाला वाढला.

एका भुरभुर पावसाच्या संध्याकाळी त्यांनी चेन उघडली. करंगळीच्या नखाएवढे बेडूक विटेवरून एकेक करत कर्दळीत गेले. भुराही बादलीतून सुटला. त्याला वाट वेगळी दिली. गुलाबभाऊ सगळ्यांना ‘‘सांभाळून, बाप्पा’’ म्हणत होते.

कव्हर धुऊन, वाळवून आम्ही दोघं परत द्यायला गेलो. मागच्या खोलीत त्यांची खाट होती. वर मच्छरदाणी टांगलेली, तीही अर्धीच. उघड्या बाजूला चादर लावून कपड्यांचे चिमटे मारले होते. गुलाबभाऊंच्या घरच्या, इंदूवहिनी, पुण्याला मुलाकडे नातीला सांभाळायला गेल्या, त्याला दोन वर्षं होऊन गेली.

‘‘भाऊ, तुमचीच कापली काय?’’ पत्नीनं विचारलं.

‘‘डबलची होती वयनी. एकट्याले तेवढी पुरते.’’

ते कव्हरची शिलाई उसवू लागले. इलास्टिक निघालं, चेन निघाली. मग कडेची दोन बोटं जाळी त्यांनी आम्हाला दाखवली. ‘‘जोडाले कापड सोडूनच कापली होती. दिवाळीले येतो म्हनते ती.’’

खाटेवरची अर्धी मच्छरदाणी त्यांनी सोडवून आणली आणि मशीनवर बसले. जाळी मोठी होती, फरशीवर लोळत होती. पत्नीनं जाळीचं टोक उचललं आणि शिलाई संपेपर्यंत दोन्ही हातांवर धरून उभी राहिली.