म्हात्रे सरांची क्रियापदं

आमच्या ऑफिसात आपला अशील कधीच काही 'म्हणत' नाही. तो 'सबमिट' करतो, म्हणजे अदबीने मांडतो. समोरचा मात्र 'अलेज' करतो, म्हणजे नुसते आरोप. मसुद्यात यांची अदलाबदल झाली, की म्हात्रे सर रागावत नाहीत. पान हातात धरून, आजारी माणसाकडे बघावं तसं बघत बसतात.

उल्हासनगर कॅम्प तीनला, जीन्सच्या कारखान्याच्या वर हे वकिलांचं ऑफिस. मी ज्युनिअर. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे आपल्याला इंग्रजी येतं, असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात मी अशिलाच्या नावापुढे 'क्लेम्स' लिहिलं.

"अगं, यात तुझाच त्याच्यावर विश्वास दिसत नाही," सर हळूच म्हणाले. "आणि तो बाहेरच बसलाय."

बाहेर बसलेले सिंधी शेठ वैतागले होते. "वकीलसाब, इतना क्या सोचना? 'बोला' लिख दो."

"शेठ, बोलना दुकान में. इधर सबमिट."

बायकोचा फोन ठेवतानाही सरांचं तेच. "मॅडम कंटेंड करतात, मी डबा विसरलो. बॅग बघितल्याशिवाय मी काही डिनाय करणार नाही." डबा विसरलेलाच असतो.

मग सरांच्या सख्ख्या मोठ्या भावाने त्यांच्यावरच दावा लावला. पालेगावची जमीन सरांच्या एकट्याच्या नावावर; भावाला अर्धी हवी होती. दोघांचं बोलणं कधीच बंद झालेलं. उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला. दाव्यातला एकेक पॅरा घ्यायचा आणि 'डिनाइज' लिहायचं, हा रिवाज. जे नाकारलं नाही, ते कबूल धरतात. मी सरसकट लिहीत गेले.

चौथ्या पॅऱ्यात भावाचं म्हणणं होतं, की वडील गेल्यावर धाकट्याला मीच वाढवलं, शिकवलं. पाचव्यात, जमीन विश्वासाने त्याच्या नावावर ठेवली.

सर चौथ्यावर थांबले.

"मी शाळेतून येईपर्यंत दादा जेवायचा नाय," ते म्हणाले. मग एका बोटाने टाइप करत त्यांनी तिथे 'अ‍ॅडमिट्स' केलं.

मी सहसा मध्ये बोलत नाही. "सर, चौथा कबूल केला, तर कोर्टाला पाचवाही खरा वाटेल. जमीन जाईल."

"माहीत आहे."

सही झाली. दादांच्या वकिलांची प्रत घेऊन मी दाराशी पोचले, तेव्हा सरांनी हाक मारली.

"वकिलांना सांग, दादाला इंग्लिश वाचता येत नाय. चौथा पॅरा तेवढा मराठीत वाचून दाखवा म्हणावं."