बेडूक अकरा, लिफ्ट बंद

आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. दुसऱ्यांच्या फळ्यांवर सुविचार असतात, पाणी किती वाजता येणार ते असतं. आमच्या फळ्यावर गेल्या पावसाळ्यातल्या एका सकाळी पुढचा मजकूर होता :

"बुधवार. सकाळी ७. लिफ्ट : बंद. पोहण्याचा तलाव : पाणी आहे, पावसाचे. बेडूक : अकरा. क्लब हाऊस : भिंती तीन. आत म्हैस, एक."

आणि त्याखाली, थोड्या वेळाने लिहिलेलं : "७.४०. म्हैस गेली."

हे वाचून तुम्ही हसलात, तर पेमारेकाका तुमच्याकडे चष्म्यावरून बघतील. विनोद करणं हा त्यांचा प्रांतच नाही. म्हैस होती म्हणून लिहिली, गेली म्हणून तेही लिहिलं. जनार्दन पेमारे, राहणार चौथा मजला, भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त. सगळी नोकरी त्यांनी कंट्रोल रूममध्ये काढली. दर तासाला मीटरच्या काट्यांसमोर उभं राहायचं, आकडा बघायचा, वहीत उतरवायचा आणि सही करायची. माणूस निवृत्त झाला, पण सवय निवृत्त झाली नाही. घरी दूधवाला किती वाजता आला याचीही त्यांच्याकडे वही आहे.

आता हा फळा का लागला, ते सांगतो. त्यात माझी थोडी नाचक्की आहे, पण इलाज नाही.

कर्जत स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आमची ही इमारत. घेताना आम्हाला जे रंगीत पुस्तक दाखवलं होतं, त्यात तलाव होता, क्लब हाऊस होतं, जॉगिंग ट्रॅक होता आणि खिडकीतून डोंगर दिसणार होता. त्यातला डोंगर तेवढा मिळाला, कारण तो शेठला बांधायचा नव्हता. शेठ म्हणजे आमचा बिल्डर. गोड माणूस. काहीही विचारा, उत्तर एकच : "पंधरा दिवसांत." लिफ्ट बसवून झाली होती, बटणांवरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता, पण ती चालू होत नव्हती. कधी परवाना यायचा होता, कधी माणूस. चालू कधी होणार? पंधरा दिवसांत. दीड वर्ष आम्ही त्या पंधरा दिवसांत राहत होतो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. बाजारात माझं स्टेशनरीचं दुकान आहे, आणि डोकं जरा लवकर तापतं. एका रविवारी पाण्याच्या दोन कळशा पाचव्या मजल्यावर चढवल्या आणि त्या तिरमिरीत मी फेसबुकवर शेठचं नाव घेऊन जे लिहिलं, ते इथे पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यात 'दरोडेखोर' हा सगळ्यात सौम्य शब्द होता. दीडशे लोकांनी अंगठे दाखवले. मला फार बरं वाटलं. आठव्या दिवशी वकिलाची नोटीस आली आणि बरं वाटणं थांबलं. पोस्ट काढली, लेखी माफी मागितली. बायको चार दिवस माझ्याशी 'दरोडेखोर' या विषयावर बोलत होती.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये सगळे खाली माना घालून बसले होते. कोपऱ्यातून पेमारेकाका म्हणाले, "सेक्रेटरी, दरोडा घालताना तुमी पायलं का? सोताच्या डोळ्यांनी?"

"नाही हो, पण..."

"मग लिवलं कशाला? लिफ्ट बंद हाय ती पायली ना? तेवढंच लिवायचं. किती वाजता पायली ते लिवायचं. नाव कुणाचंच नाय लिवायचं. मशीन बिघडलं तर वहीत मशीनची नोंद होती, फिटरच्या बापाची नाय होत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दुकानातून खडूंचा डबा नेला आणि फाटकाच्या आत, आमच्याच भिंतीवर फळा लागला. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, रोज दोन नोंदी. हातात छत्री, खिशात खडू, मनगटावर जुनं किल्लीचं घड्याळ, अशी त्यांची फेरी सुरू झाली. तलावाकाठी उकिडवं बसून हा सत्तरीतला माणूस बेडूक मोजायचा. एकदा मी म्हटलं, "काका, लिहा की ढीगभर बेडूक." ते म्हणाले, "ढीग दिसला तर ढीग लिवीन."

आता खरी गंमत अशी की आमच्या शेजारच्या जागेवर शेठ दुसऱ्या इमारतीचे फ्लॅट विकत होता. शनिवार-रविवारी मुंबईहून गाड्या यायच्या. नमुन्याचा फ्लॅट बघायला जाणारी वाट आमच्या फाटकावरून जाते. माणसं थांबायची, फळा वाचायची, फोटो काढायची आणि त्यानंतर नमुन्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन विचारायची, "इथेही बेडूक मिळणार का?"

दोनेक आठवड्यांत शेठ स्वतः आला. पांढरे बूट, पांढरी गाडी. फळ्यासमोर उभा राहून लाल झाला. "ही बदनामी आहे! मी कोर्टात खेचीन!"

पेमारेकाकांनी शांतपणे डस्टर पुढे केला. "यात कुठली नोंद खोटी हाय ते सांगा. आता पुसतो."

शेठने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. लिफ्ट बंद होती. भिंती तीनच होत्या. शेवटी त्याने बेडकांवर बोट ठेवलं. "अकरा? कशावरून अकरा?"

"मोजा," काका म्हणाले.

आणि मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहितो : शेठ मोजायला गेला. पांढऱ्या बुटांनी चिखल तुडवत तलावाला चक्कर मारून आला आणि विजयी मुद्रेने ओरडला, "नऊ! नऊच आहेत!"

"सोता मोजलं ना?" काकांनी अकरा पुसलं आणि लिहिलं : "बेडूक : नऊ. मोजणारे : इमारतीचे विकासक. वेळ १२.२०."

त्या नोंदीच्या फोटोने सगळ्या तालुक्याला हसवलं. शेठ पुन्हा फाटकाशी फिरकला नाही. पण डूख धरून बसला होता.

ऑगस्ट संपता संपता वकिलाचं पाकीट आलं, या वेळी काकांच्या नावाने. आत लिहिलं होतं : गेल्या गुरुवारी फळ्यावर 'लिफ्ट दिवसभर बंद' अशी नोंद होती. प्रत्यक्षात त्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट चाचणीसाठी वीस मिनिटं चालू होती. सबब नोंद खोटी आहे. मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "हा, चालली की. मेकॅनिक आला होता. वर-खाली केली, बंद केली, गेला. खाली कुणी नव्हतं, कामाचा दिवस. मला वाटलं, त्यात काय सांगायचं!"

मीटिंगमध्ये सगळ्यांचं मत एकच पडलं : वीस मिनिटांचं काय घेऊन बसलात, गप्प राहा. काका मात्र कागदासारखे पांढरे पडले होते. ते उठले, फळ्याशी गेले आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं :

"चूक दुरुस्ती. गुरुवारी लिफ्ट दिवसभर बंद अशी नोंद केली. ती चुकीची. दुपारी वीस मिनिटे चालू होती. मी जागेवर नव्हतो. न पाहता लिहिले. दिलगीर आहे. ज. पेमारे."

मला ते जरा अतीच वाटलं. पण माणसाचं तत्त्व म्हणजे तत्त्व, अशा कौतुकाने मी त्यांना शाबासकी द्यायला चौथ्या मजल्यावर गेलो.

दार उघडंच होतं. काका खुर्चीवर बसले होते, घड्याळ काढून हातात धरलेलं. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, खिडकीशी वॉकरला धरून उभ्या होत्या. काकूंच्या खुब्याचं हाड मोडलेलं आहे. राहायला आल्या तेव्हा त्यांना खुर्चीसकट चौघांनी उचलून वर आणलं होतं. त्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "चौघांनी उचलायचं ते एकदाच. आता पुन्ना नाय." तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. हे मला ठाऊक होतं. जिन्यात धापा टाकत त्यांच्या दारावरून मी शंभरदा गेलो असेन. पण मला लिफ्ट म्हटली की माझ्या कळशाच आठवायच्या. याची मला आज लाज वाटते.

"वीस मिंटं, सेक्रेटरी," काका म्हणाले. "वीस मिंटं चालू व्हती. आनि मी शिळफाट्याला."

खोपोलीला शिळफाट्यावर काकूंची थोरली बहीण राहते. तिचे गुडघे गेलेले, चार मजले तिला चढवत नाहीत. काकूंना उतरवत नाही. तेव्हा दर गुरुवारी काका एक डबा घेऊन शिळफाट्याला जायचे आणि दुसरा घेऊन यायचे. इकडून तांदळाची भाकरी आणि सुकट, तिकडून अळूवडी. दीड वर्षात दोघी बहिणींनी एकमेकींचं फक्त जेवण पाहिलं होतं.

"मी हितं असतो तर हिला खाली नेली असती. वीस मिंटात चार येळा नेली असती."

"गप बसा वो, माजा बी डोळा लागला व्हता," काकू म्हणाल्या. "तुमी काय लिफ्टच्या दारात खाट टाकून बसनार व्हता?"

"बसलो असतो," काका म्हणाले. ते मुळीच विनोद करत नव्हते.

मी विचारलं, "काका, हे फळ्यावर का नाही लिहिलंत? बेडूक लिहिता, म्हैस लिहिता. काकू दीड वर्ष वर अडकल्यात, हे एक वाक्य वाचलं असतं तर लोकांनी..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "ती काय क्लब हाऊस हाय? घरचं मानूस हाय. येणाऱ्या-जाणाऱ्यानं फोटो काढायला नाय ठेवलं मी तिला."

शाबासकी तशीच खिशात घालून मी खाली आलो.

पुढे झालं ते शेठच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. शनिवारी एक नवराबायको गाडीतून उतरली. बाईंनी फळा वाचला, दुरुस्ती दोनदा वाचली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ज्यांनी स्वतःची वीस मिनिटांची चूक लिहिलीय, ते बाकीचं खोटं कशाला लिहितील?" गाडी तिथूनच वळली. त्या महिन्यात तशा कितीतरी गाड्या वळल्या. आधी लोक फळा वाचून हसायचे. आता फळ्यावर विश्वास ठेवू लागले होते, आणि ते शेठला परवडणारं नव्हतं. नोटिशीचं पुढे काहीच झालं नाही. एका सकाळी परवानाही आला, माणूसही आला. शेठने फोनवर सांगितलं, "पंधरा दिवसांत चालू." सोळाव्या दिवशी झाली. काकांनी 'एक दिवस उशीर' अशी नोंद केली, ती वेगळी.

तो गुरुवार होता. काका शिळफाट्याला गेले नाहीत. लिफ्ट वर गेली, मोठा आवाज करत खाली आली, दार उघडलं. सुमनकाकू वॉकर टेकत बाहेर आल्या. हिरवं लुगडं, केसांत अबोली. उन्हात येऊन त्या डोळे बारीक करून उभ्या राहिल्या. फाटकात रिक्षा थांबली होती आणि तिच्यातून एक म्हातारी एक पाय बाहेर टाकून, मांडीवर डबा धरून ओरडत होती, "सुमे, किती वाळलीस गं!"

"तू किती सुटलीस, आक्का!" काकू म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसू लागल्या, का रडू लागल्या, ते मला मागून दिसलं नाही. म्हणून लिहीत नाही.

काका तिकडे न बघता फळ्याकडे वळले होते. सकाळची नोंद त्यांनी पुसून टाकली. तलाव, बेडूक, भिंती, सगळं. खिशातून नवा खडू काढला आणि लिहिलं :

"लिफ्ट : चालू. खाली आल्या : सौ. सुमन जनार्दन पेमारे."

शेठचं नाव त्या फळ्यावर कधी आलं नाही. माझं नाही, वॉचमनचं नाही. चुकीखालची त्यांची सही सोडली, तर फळ्यावरचं हे पहिलं नाव.

"काका, नाव लिहिलंत," मी म्हटलं.

"मग? सोताच्या डोळ्यांनी पायलं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा बराच वेळ पुसत होते.

मग ते डबा घ्यायला रिक्षाकडे गेले. मी फळा पुन्हा एकदा वाचला. नोंदीत वेळ लिहायची राहिली होती. माझ्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी खडू उचलला, आणि परत जागेवर ठेवला.